एकाच पेटीतल्या दोन प्रती

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'संगणक आणि आपली मुले' या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले होते. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्याचा माझा अधिकार लहान आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला मनुष्य. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे आली ती दुसरे कोणी घेईना म्हणून. तेव्हा मोठ्या विषयाच्या वाटेस न जाता मी आज एका लहानशा चुकीपुरतेच बोलणार आहे. ती चूक मी स्वतः केली आहे. तिची किंमत मात्र मला फारशी द्यावी लागली नाही. ज्यांना द्यावी लागली, त्यांतील काही मंडळी या सभागृहात बसलेली मला दिसत आहेत.

चूक अशी की, एकाच डिस्कवर एका माहितीच्या दोन-तीन प्रती करून ठेवायच्या आणि आता ही माहिती सुरक्षित झाली असे समजून निश्चिंत व्हायचे.

आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर काय असते हे पालकांना सांगायला नको. मूल शाळेत दाखल झाले की त्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मगाव हे सारे त्या जाडजूड वहीत उतरवले जाते. एरवी त्या वहीची आठवण कोणी काढत नाही. परंतु आपल्या समाजातील ज्या जमाती इतर मागासवर्गीयांत मोडतात, त्यांच्या मुलाला किंवा मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असली की जात पडताळणीचा प्रश्न येतो आणि मग १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या नावावर जमीन नाही, घर गावठाणातले, जन्माची नोंद झालेली नाही. अशा वेळी आजोबा चौथीपर्यंत का होईना शाळेत गेले होते, आणि त्या शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे चार शब्द लिहिलेले आहेत, एवढाच आधार उरतो. ती वही म्हणजे कित्येक घरांचा सातबाराच आहे.

आपली अशी सात जुनी रजिस्टरे होती. कागद तपकिरी झालेला, कडा मोडू लागलेल्या, काही ठिकाणी शाईने कागद खाल्लेला. २०१८ च्या उन्हाळी सुट्टीत मी आणि नववीतून दहावीत गेलेले दोन विद्यार्थी, असे तिघांनी बसून ती सगळी पानोपान स्कॅन केली. चौदाशेच्या वर पाने झाली. बावीस दिवस लागले. मुलांनी त्या कामाचा एक पैसा घेतला नाही. मधल्या वेळी शिपाईमामा त्यांना वडापाव आणून देत, तेवढेच.

काम संपल्यावर मी ते सारे कार्यालयातील संगणकावर 'सी' ड्राइव्हमध्ये ठेवले. मग विचार केला, एकच प्रत बरी नव्हे. म्हणून दुसरी प्रत 'डी' ड्राइव्हमध्ये केली. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही म्हणून 'डी' मध्येच वेगळा फोल्डर करून त्याला 'महत्त्वाचे, हलवू नये' असे नाव दिले आणि तिसरी प्रत तेथे ठेवली. मुख्याध्यापकांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "सर, तीन प्रती आहेत. आता काळजी नाही." जुनी रजिस्टरे कापडात बांधून खालच्या कपाटात गेली. ती पुन्हा कशाला उघडायची, असा तेव्हा आमचा विचार होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी कार्यालयात येऊन संगणक सुरू केला. पडदा काळाच राहिला आणि पेटीतून बारीक टक-टक असा आवाज येऊ लागला. घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा अनियमित. दुरुस्ती करणारा तरुण आला. त्याने दोन मिनिटे कान लावून ऐकले आणि म्हणाला, "सर, हार्ड डिस्क गेली."

मी म्हटले, "सी ड्राइव्ह गेला असेल. डी मध्ये सगळे आहे. तेवढे काढून द्या."

तो माझ्याकडे पाहत राहिला. हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने पिशवीतून एक जुनी, उघडलेली हार्ड डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, यात सी कुठे आहे आणि डी कुठे आहे ते तुम्हीच दाखवा."

मी पाहिले. आत आरशासारखी चकचकीत गोल ताटली होती आणि तिच्यावर एक बारीक हात होता, जुन्या ग्रामोफोनच्या सुईसारखा. मधे एक मोटर. बस. भिंत नव्हती, कप्पा नव्हता.

"एकाच खोलीत खडूने रेघ मारायची," तो म्हणाला, "आणि म्हणायचे, इकडे एक घर, तिकडे दुसरे घर. छप्पर कोसळले की दोन्ही घरे गेली."

खडूच्या रेघेची ही गोष्ट मी नंतर वाचून पडताळून पाहिली. ती अक्षरशः खरी आहे. डिस्कच्या अगदी आरंभी एक छोटीशी यादी असते. अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतचा भाग एका नावाचा, पुढचा दुसऱ्या नावाचा. जुन्या पद्धतीत ही यादी पहिल्याच ५१२ बाइटांच्या सेक्टरात असे, तीत चार नोंदींची जागा असे आणि प्रत्येक नोंद अवघी १६ बाइटांची. म्हणजे ज्या भिंतीच्या भरवशावर मी चौदाशे पाने ठेवली होती, ती भिंत सोळा अक्षरांत मावत होती. नव्या पद्धतीत यादी मोठी झाली आहे, पण ती अजूनही यादीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या यंत्राचा इतिहास थोडा सांगतो. पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या पन्नास ताटल्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि एवढ्या मोठ्या कपाटात मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज तुमच्या मोबाइलमधील एका चांगल्या छायाचित्रालाही कधीकधी एवढी जागा लागते. पुढे ताटल्या लहान झाल्या, पण रचना तीच राहिली. संगणकातील नेहमीच्या डिस्कची ताटली मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी त्या अंतराच्या दहा हजार पटींहून अधिक भरते. एवढ्या अंतरावर तरंगणारे डोके एखाद्या दिवशी ताटलीला टेकते. आमच्या बाबतीत तेच झाले होते. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत डिस्क पाठवली, तेथून उत्तर आले की ताटलीवर गोल चर उमटला आहे, काही निघण्यासारखे नाही. पहिली प्रत, दुसरी प्रत, 'हलवू नये' असे लिहिलेली तिसरी प्रत, सगळ्या एकाच ताटलीवर होत्या आणि एकाच डोक्याने वाचल्या जात होत्या.

आता कोणी म्हणेल, मास्तर, डिस्क जाण्यापूर्वी काही तरी चाहूल देत असेल. गूगल कंपनीच्या तंत्रज्ञांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली निबंध प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते; त्या नोंदींतील चार लक्षणे सर्वांत बोलकी ठरली. पण निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये या चारांपैकी एकही लक्षण आधी दिसले नव्हते. तेव्हा टक-टक ऐकू आली की प्रत करू, असे म्हणून चालत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एकाच डिस्कवर दुसरी प्रत ठेवणे हे अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. तसे असते तर ज्यांनी ही यंत्रे घडवली त्यांनीही ते केले नसते. पण ते करतात. तुमच्या पेन ड्राइव्हवर कोणती फाइल कोठे आहे याची जी सूची असते, तिच्या बहुधा दोन प्रती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. विंडोजची डिस्क आपल्या मुख्य सूचीतील पहिल्या चार नोंदींची दुय्यम प्रत दुसरीकडे ठेवते. मघाशी सांगितलेली भागांची यादी नव्या पद्धतीत डिस्कच्या आरंभी असते आणि अगदी शेवटीही असते. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने २००५ साली झेडएफएस नावाची फाइल ठेवण्याची पद्धत लोकांसमोर आणली, तिच्यात तर पुढे अशी सोय झाली की एकाच डिस्कवर प्रत्येक तुकड्याच्या दोन किंवा तीन प्रती आपोआप, शक्यतो एकमेकींपासून दूर लिहिल्या जाव्यात. एक तुकडा बिघडला आहे असे वाचताना कळले की ती पद्धत दुसऱ्यावरून तो दुरुस्त करते.

मग यात आणि माझ्या 'डी' ड्राइव्हमध्ये फरक काय? फरक हा की त्यांना ठाऊक होते, आपण कोणत्या संकटासाठी तजवीज करीत आहोत. ताटलीवरचा एखादा ठिपका नासला, एखादा सेक्टर वाचता येईना, तर शेजारची प्रत उपयोगी पडते. कापडाला एका जागी कसर लागली तर दुसऱ्या जागचा तुकडा कामास येतो, तद्वत. पण मोटर थांबली, डोके टेकले, विजेच्या झटक्याने खालची पट्टी जळली, किंवा चोराने पेटीच उचलून नेली, तर ठिपक्यांच्या शेजारी ठिपके ठेवून काय उपयोग? ती मंडळी लहान संकटासाठी लहान उपाय योजत होती. मी लहान उपाय योजून मोठ्या संकटाची धास्ती सोडून दिली होती.

एकाच डिस्कवरच्या प्रतीचा आणखी एक उपयोग मी रोज करतो, तोही सांगतो. गुणपत्रकाच्या फाइलमध्ये फेरफार करण्यापूर्वी मी तिची तारखेसह एक प्रत करून ठेवतो. हात चुकला, एका वर्गाचे गुण दुसऱ्या वर्गाखाली गेले, तर कालची प्रत उघडायची. हा उपाय माझ्यापासून फाइलला वाचवण्यासाठी आहे. डिस्कपासून वाचवण्यासाठी नव्हे. शिक्षक वर्गाने एवढे जरूर करावे.

आता दुसरी बाजू. आपण जिला प्रत म्हणतो ती कधीकधी प्रत नसतेच. ॲपलच्या संगणकांत २०१७ पासून जी पद्धत आली आहे, तिच्यात एकाच डिस्कवर फाइलची दुसरी प्रत केली तर अक्षरे पुन्हा लिहिलीच जात नाहीत. दोन नावे होतात, दोन्ही नावे त्याच ठिपक्यांकडे बोट दाखवतात. पुढे एकीत बदल केला तर तेवढाच भाग वेगळा लिहिला जातो. जागा वाचते, काम झटकन होते, युक्ती उत्तम आहे. पण ते ठिपके नासले तर दोन्ही नावे अनाथ होतात. ज्यांना हल्ली एसएसडी म्हणतात, त्या फिरणारी ताटली नसलेल्या डिस्कमध्ये तर कोणते अक्षर प्रत्यक्षात कोठे लिहायचे हे आतले यंत्रच ठरवते. आपण एकामागोमाग दिलेल्या दोन प्रती ते एकाच कप्प्यात नेऊन ठेवू शकते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

याहून साधा घोटाळा आपल्या गावातला आहे. एक पालक गेल्या वर्षी मोठ्या विश्वासाने पेन ड्राइव्ह घेऊन आले. मुलाच्या शिष्यवृत्तीचे सर्व कागद त्यात आहेत म्हणाले. उघडून पाहतो तो प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात लहानसा वाकडा बाण. कागद घरच्या संगणकावरच होते. पेन ड्राइव्हवर आली होती ती फक्त त्यांच्याकडे जाणारी वाट. घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवून कोणी घर बरोबर आणले म्हणत नाही. असो, त्यांचा संगणक शाबूत होता म्हणून निभावले.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा संगणकी उपद्रव दीडशेच्या आसपास देशांत पसरला, हे थोरांना आठवत असेल. तो डिस्कवरील फाइलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. त्याला सी आणि डी असा भेद नव्हता. जे जे जोडलेले सापडे ते ते तो कुलूपबंद करी. संगणकाला कायम टोचून ठेवलेली वेगळी डिस्कसुद्धा त्यातून सुटत नसे. म्हणजे प्रत निराळ्या पेटीत आहे एवढ्यानेही भागत नाही. प्रत झाली की ती पेटी काढून बाजूस ठेवावी लागते.

आणि बाजूस म्हणजे किती बाजूस? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या संगणक केंद्राला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. कंपनी मोठी, यंत्रे हजारो. परंतु काही ग्राहकांच्या मूळ फाइली आणि त्यांच्या राखीव प्रती एकाच आवारात होत्या. दोन निरनिराळ्या यंत्रांत होत्या, हे खरे. पण आगीला यंत्रे मोजण्याची सवय नसते.

याच्या उलट एक गोष्ट मुलांना आवडेल. 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९९८ साली तो तयार होत असताना कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरील त्याच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. थांबवेपर्यंत बहुतेक चित्रपट गेला होता. राखीव प्रत काढायला गेले तर ती गेले काही दिवस नीट उतरतच नव्हती, आणि हे कोणी तपासले नव्हते. तेव्हा तेथील गेलिन सुसमन या बाईंना आठवले की, आपले बाळ लहान म्हणून आपण घरी काम करीत होतो आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत आहे. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, मोटारीच्या मागच्या सीटवर बसवून, लहान मुलाला न्यावे तसा हळूहळू कार्यालयात आणण्यात आला. पुढे चित्रपटाची कथा बरीचशी नव्याने बेतली गेली, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी कंपनीच्या एवढ्या यंत्रांनी जे केले नाही ते एका आईच्या घरातल्या यंत्राने केले.

आपल्या मंडळींना ही रीत नवी नाही. निकाहनामा लिहिला जातो तेव्हा त्याच्या प्रती होतात. एक वराकडे, एक वधूकडे, एक काझीसाहेबांच्या दप्तरात. सासरी भांडण झाले, घराला आग लागली, कोणी कागद दडवला, तरी दुसऱ्या गावी माहेरच्या पेटीत त्याची प्रत असते. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांनी केवळ तीन प्रती कराव्यात असे म्हटले नाही. त्या तीन घरी ठेवल्या. तिन्ही एकाच ट्रंकेत ठेवल्या असत्या तर कागद तिप्पट लागला असता आणि भरवसा एकपटच राहिला असता. माझे आजोबा अशिक्षित होते, पण त्यांना हे समजत होते. मी त्यांच्याहून पंधरा वर्षे जास्त शिकलो आणि चौदाशे पाने एका ट्रंकेत ठेवली.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हीच गोष्ट तीन आकड्यांत सांगून ठेवली आहे: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मला यातील शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तोच गाळला जातो.

पालकांसाठी याचा अर्थ काय, ते थोडक्यात सांगतो. मुलांचे दाखले, निकालपत्रे, जातीचा दाखला, पासपोर्ट यांची छायाचित्रे आपण मोबाइलमध्ये ठेवतो. त्याच मोबाइलच्या मेमरी कार्डावर दुसरी प्रत केली म्हणून दोन झाल्या असे मानू नका. होडीतून मोबाइल खाडीत पडला तर कार्ड पोहत वर येत नाही. गूगलच्या खात्यात १५ जीबीपर्यंत जागा विनामूल्य मिळते, ती वापरा. परंतु एक ध्यानात असू द्या. छायाचित्रे आपोआप तेथे जावीत अशी व्यवस्था केली असेल, तर त्या ॲपमध्ये जे पुसाल ते तिकडूनही पुसले जाते. तो आरसा आहे, तिजोरी नव्हे. सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये जे कागद थेट संबंधित मंडळाकडून येतात, ते मुलांनी स्वतः खाते उघडून घ्यावेत. व्हॉट्सॲपवर कागद पाठवताना छायाचित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवा, नाही तर बारीक अक्षर पुसट होते. आणि एक पेन ड्राइव्ह वेगळ्या गावी, मुलांच्या खालेकडे, मामूंकडे, जिथे विश्वास असेल तिथे ठेवा. मात्र वर्षातून एकदा तो आणून, लावून, दोन-चार फाइली खरोखर उघडून पाहा. पेन ड्राइव्ह नुसता पडून राहिला तर वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही. ईदला जाता तेव्हा पाहिलात तरी पुरे. आधार कार्डाच्या प्रती मात्र सायबर कॅफेच्या संगणकावर ठेवून येऊ नका. ती दुसऱ्या ठिकाणची प्रत खरी, पण ती आपली राहत नाही.

मी मघाशी किंमत दुसऱ्यांनी भरली असे म्हणालो, ती गोष्ट अर्धीच राहिली.

डिस्क गेली तेव्हा आम्ही फारसे घाबरलो नव्हतो. मूळ रजिस्टरे कपाटात होती. पुढच्या मे महिन्यात पुन्हा स्कॅन करू, असे मुख्याध्यापक आणि मी ठरवले. मे २०२१ आला तो टाळेबंदीत. मग जून. आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी कशी आली हे या सभागृहातील कोणालाही सांगण्याची गरज नाही. चिपळूण बुडाले, महाड बुडाले, आपल्या शाळेच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. खालच्या कपाटातील सात रजिस्टरांपैकी पाचांचा लगदा झाला. दोन वरच्या बाजूस होती, ती वाळवून वाचवता आली, पण त्यांतील नोंदी १९६७ नंतरच्याच अधिक आहेत.

गेल्या वर्षी आपल्याच शाळेतून गेलेली एक मुलगी फार्मसीच्या प्रवेशासाठी आजोबांची नोंद मागायला वडिलांबरोबर माझ्याकडे आली. वडील म्हणाले, "सर, तुम्ही संगणकात घेतले होते ना सगळे?" मी त्यांना चहा दिला. दुसरे काही देता आले नाही. पुढे शेजारच्या गावच्या शाळेत तिच्या आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद मिळाली आणि ती फाइल आता सरकत आहे. तोवर पहिल्या फेरीतील जागा मात्र गेली.

त्यानंतर मी स्कॅनच्या कामातील त्या दोन मुलांना विचारले. एक पुण्यास आहे, त्याच्याकडे काही नव्हते. दुसरा कतारला, दोहा येथे असतो. तो म्हणाला, "सर, एक पान असेल. माझ्या दादांचे नाव सापडले म्हणून अब्बांच्या मोबाइलवर फोटो काढला होता." त्याच्या अब्बांचा तो मोबाइल कधीच बिघडला. परंतु त्याने तो फोटो तेव्हाच मुंब्र्यास फुफीला पाठवला होता, भावाबहिणींनी वडिलांचे नाव पाहावे म्हणून. फुफींनी तो ठेवला होता. आठवड्याभरात तो माझ्याकडे आला. १९५३ सालचे एक पान, अठरा नोंदी, एक कोपरा मुलाच्या अंगठ्याखाली झाकलेला. चौदाशे पानांतले एवढेच एक पान आज आपल्यापाशी आहे. छायाचित्र म्हणजे मूळ रजिस्टर नव्हे, हे मी जाणतो. पण रजिस्टर क्रमांक आणि तारीख हाती आली की माणूस दुसऱ्या कार्यालयात निदान धागा धरून जाऊ शकतो. त्या अठरांपैकी तीन घरांना मी कळवले आहे.

त्या पानाकडे पाहताना मला सुचले ते सांगून थांबतो. रजिस्टर गेले, पण त्यातून उतरवलेल्या ओळी गेलेल्या नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे रजिस्टरातील एका ओळीची प्रतच आहे, आणि ते दाखले गेली सत्तर वर्षे आपल्या घराघरांत, पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, मुंबईतल्या खोल्यांत, कोणाच्या कुवेतच्या कपाटात पडलेले आहेत. आपल्या शाळेचा जुना दाखला, निकालपत्रक, अगदी फाटका तुकडा जरी कोणाच्या घरी असेल, तरी येत्या दर शनिवारी सकाळी अकरा ते एक या वेळात तो शाळेत घेऊन या. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करू आणि मूळ कागद लगेच हातात परत देऊ. आतापर्यंत त्रेचाळीस आले आहेत. त्यांची एक प्रत कार्यालयातील संगणकावर आहे, दुसरी एका वेगळ्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क कार्यालयात नसते. ती टेकडीवरच्या आपल्या प्राथमिक शाळेत, बाईंच्या कपाटात असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती खाली आणून उघडून पाहतो. तिसरी इंटरनेटवर संस्थेच्या खात्यात आहे. त्याचा परवलीचा शब्द माझ्याखेरीज मुख्याध्यापक आणि सचिव साहेबांकडे बंद पाकिटात दिलेला आहे.

शनिवारी येताना दाखल्याची घडी मोडू नका. जुना कागद घडीवरच तुटतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणा.